काय सोडायचे, काय राखायचे : वतनापासून विहाराच्या कपाटापर्यंत

कमी वस्तूंत जगा, पसारा आवरा, लागत नाही ते सोडून द्या, असा उपदेश हल्ली मोबाईलवर रोज ऐकू येतो. ज्यांच्या वाड्यात चार पिढ्यांची भांडीकुंडी साचली आहेत त्यांनी तो जरूर ऐकावा. पण दर्यापूर तालुक्यातल्या बौद्ध वस्तीत हा उपदेश जसाच्या तसा लागू पडत नाही. आपल्याकडे पसारा साचायला वेळच किती मिळाला? बहुतेक घरांत पहिले लोखंडी कपाट आले तेच मुळी नोकरी लागलेल्या पहिल्या माणसाच्या पगारातून. म्हणून काय ठेवायचे आणि काय टाकायचे हा प्रश्न आपल्याला आवडीनिवडीचा म्हणून सोडवता येत नाही. तो इतिहासाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर शोधायला आपल्याला आपल्याच चळवळीकडे जावे लागते.

सुरुवात इथून करू की, वस्तू कोणाकडे असावी आणि कोणाकडे नसावी याचा या देशात कायदाच होता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांची मालमत्ता ठरवून दिली आहे : कुत्री आणि गाढवे हे त्यांचे धन, प्रेताची वस्त्रे हे त्यांचे कपडे, फुटकी भांडी ही त्यांची ताटे आणि लोखंडाचे त्यांचे दागिने. त्याच अध्यायात शूद्राने ऐपत असली तरी धनसंचय करू नये असेही सांगितले आहे. ही केवळ पोथीतली गोष्ट राहिली नाही. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये विसाव्या शतकातली उदाहरणे दिली आहेत. इंदूरकडच्या बलाई लोकांना सवर्णांनी हुकूम काढला की, जरीकाठी पागोटे बांधायचे नाही, रंगीत काठाचे धोतर नेसायचे नाही, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. गुजरातेतल्या झानू गावी अस्पृश्य स्त्रियांनी धातूच्या भांड्यातून पाणी आणले म्हणून त्यांच्यावर हल्ला झाला. म्हणजे पितळेची घागर ही आपल्या आज्यांसाठी बंडाची वस्तू होती. अशा समाजाला उठता बसता ‘त्याग करा’ असे सांगणाऱ्यांनी आधी हे वाचावे.

आणि तरीही बाबासाहेबांनी आपल्याला अनेक गोष्टी सोडायला लावल्या. मग ते काय सोडायला सांगत होते?

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी मेलेल्या ढोराचे मांस आणि दारोदारच्या शिळ्या भाकरीच्या तुकड्यांवर जगणे सोडा, असे सांगितले. डिसेंबर १९२७ मध्ये त्याच महाडला, मनुस्मृती जाळल्यानंतर, स्त्रियांपुढे बोलताना त्यांनी लुगडे नेसण्याची पद्धत बदला आणि हातापायांत, गळ्यात घातलेले चांदीचे व कथलाचे ओझे उतरवा, असा आग्रह धरला. कारण त्या नेसणीवरून आणि त्या दागिन्यांवरून बाई लांबूनच अस्पृश्य म्हणून ओळखू येत असे.

इथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. ज्या बाईच्या नावावर जमीन नाही, घर नाही, तिच्यासाठी ते चांदीचे कडे हीच शिल्लक होती. अडीनडीला सावकाराकडे ठेवायला तेवढेच होते. आजच्या भाषेत ती तिची एकमेव गुंतवणूक होती. पण तीच वस्तू तिच्या अंगावर जातीचा शिक्का होऊन बसली होती. वस्तूची बाजारातली किंमत आणि ती वस्तू माणसाला समाजात कुठे उभी करते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाबासाहेबांनी दुसऱ्या गोष्टीला जास्त वजन दिले. मात्र त्यांनी दागिना नकोच असे म्हटले नाही आणि गबाळे राहा असे तर कधीच म्हटले नाही. स्वच्छ कपडे घाला, मुलींना शाळेत घाला, दारू पिऊन येणाऱ्या नवऱ्याला-मुलाला जेवायला वाढू नका, असे ते त्याच बायांना सांगत होते. ते जात उतरवायला सांगत होते, सुख उतरवायला नाही.

याहून अवघड होते वतन सोडणे. मुंबई इलाख्यात १८७४ च्या वंशपरंपरागत वतनाच्या कायद्याने महार वतनदार सरकारचा आणि गावाचा बांधील नोकर होता. दिवसरात्र, कोणत्याही वेळी, घरातला माणूस आजारी असेल तर दुसऱ्याने, काम करायचेच. मोबदला काय, तर तुकडाभर वतनी जमीन आणि गावाकडून मिळणारे बलुते. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये विधिमंडळात हा कायदा बदलण्याचे विधेयक आणले. ते मंजूर झाले नाही, मागे घ्यावे लागले. कनिष्ठ गाव-वतने रद्द करणारा कायदा यायला १९५८ साल उजाडले, तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते. या तीस वर्षांत वतनाला विरोध बाहेरून झाला तसा आतूनही झाला. ‘जमीन तर आहे ना, धान्य तर घरात येते ना, हे गेले तर खायचे काय?’ हा प्रश्न मूर्खपणाचा नव्हता. पोट हातावर असलेल्या माणसाचा तो रास्त प्रश्न होता.

वऱ्हाडात जमीन-महसुलाची पद्धत वेगळी होती, पण गावकामगार महार आणि त्याचे बलुते इथेही होतेच. इथल्या लोकांना गावकी सोडणे तुलनेने लवकर जमले त्यामागे एक आर्थिक कारण आहे. कापसाच्या पेठा वाढल्या, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने निघाले, नागपुरात १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली. मजुरी रोख मिळू लागली. पाटलाच्या खळ्यावर हात पसरण्याऐवजी जिनात घाम गाळून आठवड्याचा पगार घेणे शक्य झाले. यातून घ्यायचा धडा असा की, सोडण्यासाठी नुसते धैर्य पुरत नाही, पायाखाली दुसरा आधार लागतो. आजही एखाद्या कुटुंबाला ‘सावकार सोडा’, ‘बचतगटाच्या कर्जाचा फेरा सोडा’ असे भाषण देऊन भागत नाही. दुसरा आधार उभा करून द्यावा लागतो. कार्यकर्त्याचे काम ते आहे.

चळवळीने वस्तू सोडल्या तशा श्रम घातलेल्या वाटाही सोडल्या. नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाड प्रांतिक अस्पृश्य परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. विषय होता अंबादेवीच्या मंदिरात प्रवेशाचा. त्याच वेळी त्यांचे थोरले बंधू बाळाराम यांच्या निधनाची बातमी आली, तरी परिषदेचे काम झाले. पुढे २ मार्च १९३० ला नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. लोकांनी दगड खाल्ले, तुरुंग भोगले, वर्षामागून वर्षे घातली. आणि मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी भाऊराव गायकवाडांना पत्र लिहून कळवले की, आता हा मार्ग थांबवा, ही शक्ती राजकारणाकडे आणि शिक्षणाकडे वळवा. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याची घोषणा झाली.

विचार करा, पाच वर्षांची मेहनत, मार, खटले हे सगळे ‘वाया गेले’ म्हणून कितीजणांचा जीव तुटला असेल. ‘एवढे घातले आहे, आता मागे कसे फिरायचे?’ या एका वाक्याने माणसे बुडीत धंद्यात पैसा ओतत राहतात, फसव्या योजनांत आणखी हप्ते भरत राहतात. बाबासाहेबांनी घातलेल्या मेहनतीकडे पाहून पुढचा निर्णय घेतला नाही. पुढे काय मिळणार हे पाहिले. त्या सत्याग्रहाने लोकांत जे तेज आले ते राखले आणि मंदिराचा दरवाजा सोडून दिला. बुद्धाने मज्झिम निकायात नावेची उपमा दिली आहे : नदी पार करायला तराफा बांधला, पार झाल्यावर तो डोक्यावर घेऊन फिरणारा माणूस शहाणा नव्हे. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर गावोगावच्या वस्त्यांतल्या देव्हाऱ्यांतून खंडोबा, मरीआई बाहेर निघाले ते याच समजुतीने. पिढ्यान्‌पिढ्या पूजलेले टाक नदीत सोडताना म्हाताऱ्या माणसांचे हात कापले असतील, पण ते सोडले गेले.

आता दुसरी बाजू. राखले काय?

बाबासाहेब १९१७ मध्ये परदेशातून परतले तेव्हा त्यांची पुस्तके वेगळ्या जहाजाने येत होती आणि महायुद्धात ते जहाज बुडवले गेले. पोटाला चिमटा घेऊन जमवलेला ग्रंथसंग्रह समुद्रात गेला. त्यांनी तो पुन्हा जमवायला सुरुवात केली. १९३० च्या दशकात दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले ते मुख्यतः पुस्तकांना नीट जागा हवी म्हणून. त्याच सुमारास बांधलेली ‘चार मिनार’ ही दुसरी इमारत मात्र देणी भागवण्यासाठी आणि ग्रंथांसाठी त्यांनी १९४१ मध्ये विकून टाकली. भाडे देणारी इमारत गेली, पुस्तकांचे घर राहिले. कोणताही हिशेबनीस याला तोट्याचा व्यवहार म्हणेल. पण त्या घरातून जे लिहून झाले त्याच्यावर आज आपण उभे आहोत. ८ जुलै १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद. हीच त्यांची गुंतवणूक होती आणि तिचा परतावा आपल्या घराघरांत पहिल्या पदवीच्या रूपाने आला.

याच विचाराचा दुसरा माणूस आपल्याच मातीत जन्मला. २३ फेब्रुवारी १८७६ ला जुन्या दर्यापूर तालुक्यातल्या, आजच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावी परीट कुटुंबात डेबूजी झिंगराजी जानोरकर जन्मले. वडील दारूपायी गेले, मामाकडे वाढले आणि सावकाराने मामाची जमीन कशी गिळली ते त्यांनी लहान वयात पाहिले. १९०५ मध्ये घर सोडले. जवळ ठेवले काय, तर एक गाडगे, एक काठी, खराटा आणि अंगावर चिंध्या. बाकी जे जे लोकांनी दिले त्याच्या धर्मशाळा, शाळा, वसतिगृहे, घाट झाले. आपल्या नातलगांचा यातल्या कशावरही हक्क राहणार नाही, हे त्यांनी ठरवून टाकले होते.

गाडगेबाबांना हल्ली कीर्तनकार संत आणि स्वच्छतेचे चित्र एवढ्यात बसवले जाते. त्यांचे अर्थशास्त्र कोणी सांगत नाही. जेवायचे ताट मोडा, हातावर भाकर खा, बायकोला कमी किमतीचे लुगडे घ्या, पण पोराला शाळेत घातल्याशिवाय राहू नका, हे ते गावोगाव सांगत होते. त्यात त्याग आहे, पण मोक्षासाठी नाही, शाळेच्या फीसाठी आहे. देवाला नवस, तीर्थाला पैसा, लग्नाला कर्ज, तेरवीला गावजेवण यांच्यावर त्यांनी आयुष्यभर झाडू चालवला. पंढरपुरात अस्पृश्यांना उतरायला जागा मिळत नसे म्हणून त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि १९४९ मध्ये ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, मुलांच्या शिक्षणासाठी. एका माणसाने दुसऱ्यावर टाकलेला यापेक्षा मोठा विश्वास कोणता? ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगावला गाडगेबाबा गेले.

काही मित्र म्हणतात, बुद्ध म्हणजे विरक्ती, मग पैशाचा विचार कशाला? हा गैरसमज मनुवादी प्रचाराला सोयीचा आहे. भिक्खू घर सोडतो, उपासक सोडत नाही. दीघ निकायातल्या सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला सरळ हिशेब सांगितला आहे : कमाईचे चार भाग करा, एक उपभोगाला, दोन व्यवसायात घाला आणि चौथा आपत्तीसाठी राखून ठेवा. म्हणजे अर्धी कमाई वाढीसाठी. अंगुत्तर निकायात गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत, त्यात धन असणे, ते उपभोगणे आणि निर्दोष वागणे यांच्या जोडीला कर्ज नसणे हे एक सुख आहे. बाबासाहेबांनीही दारिद्र्याचे गोडवे कधी गायले नाहीत. उलट नागपूरच्या धम्मदीक्षेनंतरच्या भाषणात प्रत्येकाने कमाईचा विसावा भाग धम्मकार्यासाठी द्यावा असे सांगितले. त्यासाठी आधी कमाई पाहिजे.

आता या इतिहासातून कसोटी काढू. कोणतीही वस्तू, जमीन, दागिना, पैसा समोर आला की दोन प्रश्न विचारायचे. पहिला : ही गोष्ट मला किंवा माझ्या घराला जुन्या जागेवर बांधून ठेवते का? दुसरा : ही गोष्ट पुढच्या पिढीला त्या जागेवरून पुढे नेते का? पहिल्याचे उत्तर ‘हो’ असेल तर किंमत कितीही असो, सोडा. दुसऱ्याचे उत्तर ‘हो’ असेल तर किंमत कवडीची असो, राखा. उरलेल्या वस्तूंबद्दल ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे ठरवावे.

या कसोटीवर आपला आजचा व्यवहार तपासला तर अवघड वाटेल, पण तपासलाच पाहिजे.

जमीन घ्या. दर्यापूर खारपाणपट्ट्यात आहे. विहिरीचे पाणी खारे, कोरडवाहू शेती, दोन एकरांत कापूस-तूर-हरभरा. हिशेब बसत नाही म्हणून विकून टाकावी असे वाटते. प्रत्येक वेळी विकणे चूक आहे असे मी म्हणणार नाही. पण दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांत हजारो लोक तुरुंगात गेले ते असल्याच तुकड्यांसाठी. ती जमीन मुलीच्या शिक्षणासाठी विकली तर ती दुसऱ्या रूपात राहते. ती लग्नातल्या डीजेसाठी, मंडपासाठी, हुंड्यासाठी विकली तर आपण वतन मोडून पुन्हा सावकाराच्या दारात गेलो. बौद्ध पद्धतीचे लग्न कमी खर्चाचे असावे हाच त्या बदलाचा अर्थ होता. वंदना पाली भाषेत आणि कर्ज सावकाराचे, याला धम्म म्हणत नाहीत.

नोकरदार घरांत निवृत्तीची एकरकमी रक्कम आली की, अमरावती-अकोल्याला प्लॉट किंवा दामदुप्पट योजना. प्लॉट घेणे गुन्हा नाही, घर हवेच. पण तिसरा प्लॉट घेताना भाच्याची स्पर्धा परीक्षेची किंवा पुतणीची नर्सिंगची फी अडली असेल, तर विसाव्या भागाचे काय झाले, हे विचारायला नको का? आणि दामदुप्पट सांगणारा माणूस निळा गमछा घालून आला तरी त्याचा हिशेब तपासा. सिगालोवादातला चौथा भाग आपत्तीसाठी आहे, लोभासाठी नाही.

विहारांचेही तसेच. मूर्ती हवी, संगमरवरही असू दे. पण ज्या विहारात मोठी मूर्ती आहे आणि अभ्यासाला एक ट्यूबलाइट नाही, पुस्तकांचे कपाट कुलपात आहे आणि किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच माहीत नाही, तिथे आपण राजगृह विकून चार मिनार ठेवत आहोत.

शेवटचा मुद्दा माझ्या मते सर्वांत निकडीचा. आपण देव सोडले, गावकी सोडली, ते बरोबर होते. पण त्याच झपाट्यात आपण राखायच्या वस्तूही रद्दीत देत आहोत. ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० ला निघाला, ‘बहिष्कृत भारत’ ३ एप्रिल १९२७ ला, ‘जनता’ १९३० ला, ‘प्रबुद्ध भारत’ ४ फेब्रुवारी १९५६ ला. यांचे अंक, समता सैनिक दलाचे बिल्ले, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वर्गणीच्या पावत्या, दीक्षेच्या वेळचे फोटो, जलशांच्या वह्या वऱ्हाडातल्या जुन्या पेट्यांत होते आणि काही ठिकाणी अजून असतील. म्हातारा माणूस गेला की तेरवीआधी पेटी रिकामी होते आणि किलोच्या भावाने इतिहास जातो. खुद्द बाबासाहेबांच्या दिल्लीतल्या कागदपत्रांची हेळसांड झाली. शासनाकडून त्यांचे लेखन आणि भाषणे छापायला १९७९ उजाडले आणि त्यासाठी वसंत मून यांच्यासारख्या माणसाला आयुष्य घालावे लागले. आपल्या आजोबांच्या कागदांसाठी कोणी शासन येणार नाही. जात पडताळणीच्या वेळी जुना दाखला शोधत तहसीलच्या चकरा मारणाऱ्याला या कागदाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. चळवळीलाही तिचा दाखला असाच लागतो, नाहीतर उद्या कोणीही उठून म्हणेल की, या गावात काही घडलेच नव्हते.

म्हणून तालुक्यातल्या कार्यकर्त्यांना ठोस काम सुचवतो. या धम्मचक्र प्रवर्तन दिनाआधी प्रत्येक वस्तीत घरझाड होईल तेव्हा दोन-तीन शिकलेली पोरे-पोरी घरोघर जाऊ द्या. रद्दीवाल्याच्या आधी पोहोचा. जुना कागद, फोटो, बिल्ला दिसला तर मोबाईलवर स्वच्छ फोटो काढा, मागे कोणाचा, कधीचा, कोणी सांगितले ते लिहा. मूळ वस्तू घरच्यांकडेच राहू द्या, त्यांनी स्वतःहून दिली तर विहाराच्या कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत, उंदीर-वाळवीपासून दूर ठेवा. कपाटाच्या दोन किल्ल्या करा, त्यातली एक बाईमाणसाकडे द्या. विहाराच्या वर्षभराच्या वर्गणीतला ठराविक हिस्सा अभ्यासिकेसाठी आणि एका मुलीच्या फीसाठी बाजूला काढा, आणि तो हिशेब भिंतीवर लावा. याला कोणाची परवानगी लागत नाही, देणगीदार लागत नाही.

आपल्या आज्यांनी अंगावरचे चांदीचे ओझे उतरवले तेव्हा त्यांच्या हाती दुसरे काहीच नव्हते, फक्त पोरीला शाळेत घालायचे आहे एवढे ठाऊक होते. आपल्या हाती त्यांच्यापेक्षा पुष्कळ आहे.

जय भीम!